मिठाची रास बघून ये

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते हिराजी भोईर यांचे. मुलुंडच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला जी मिठागरं पसरली आहेत, त्यांतल्या एका आगरावर ते मुकादम. शिक्षण मराठी चौथी. मी बी.एस्सी., आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. माझे वडील सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी शिंपीकाम करत आणि सही करताना जीभ दातांत धरत. ज्यांनी मला शिकवलं, पुस्तकं दिली, वार लावून जेवू घातलं, त्या सगळ्यांचं ऋण मी मानतो. डॉक्टरांचंही मानतो, त्यांनी माझा क्षय बरा केला. पण बरा झालेला मी अंथरुणातून उठून कामावर गेलो तो भोईरमामांमुळे. आणि हे त्यांनी केलं तेव्हा ते स्वतः खाटेवर उताणे पडलेले होते.

औषधांची माहिती मी इथं देणार नाही, ती डॉक्टर देतील. ज्याला डॉक्टरांनी "आता तू बरा आहेस" असं सांगितलं आहे, घरच्यांनी पेढे वाटले आहेत, आणि तरीही सकाळी ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. असंही होतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लाल ठिपका

आग्रा रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. माझं काम पांढरा रंग तपासण्याचं. लोकांना हसू येतं, पण पांढरा हाच सगळ्यांत अवघड. रोज सकाळी नवा रंग पत्र्याच्या पट्टीवर लावायचा, शेजारी नमुन्याची पट्टी ठेवायची आणि उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून दोन्ही निरखायच्या. एक पांढरा पिवळसर झुकतो, एक निळसर. हे सकाळच्या उजेडातच कळतं. दहा वाजले की समोरच्या भिंतीवरून ऊन उलटून येतं आणि डोळा फसतो.

त्या पावसाळ्यात मला बारीक खोकला होता. संध्याकाळी अंग कढत व्हायचं. एका सकाळी पट्टीवर वाकलो असताना ठसका लागला, आणि पाहतो तो पांढऱ्यावर एक लाल ठिपका. मला पहिल्यांदा आठवलं ते शेजारच्या खात्यातलं रेड ऑक्साइड. तिथूनच कण उडाला असणार! कापसावर टर्पेंटाइन घेऊन ठिपका पुसायला गेलो, तर तो विरघळेना. मला आश्चर्य वाटलं. मी कामसू माणूस, म्हणून तक्रारीची चिठ्ठीसुद्धा लिहिली: "दोन नंबरच्या खात्यातून लाल कण उडतात, बंदोबस्त व्हावा."

आमचे मुख्य केमिस्ट कामतसाहेब चिठ्ठी घेऊनच आले. त्यांनी पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या रुमालाकडे.

"दोन नंबरचं खातं नाही रे, वसंत," ते हळू आवाजात म्हणाले. "हे तुझंच खातं आहे."

संध्याकाळपर्यंत छातीचा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि जिथं काळं असायला हवं तिथं पांढरं आहे, असं बोटानं दाखवलं. मी सवयीनं त्या पांढऱ्याची छटा पाहत राहिलो. निळसर होती.

घरी माझी पत्नी सुमन पोळ्या करत होती. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी म्हणतात."

"बरं," ती म्हणाली, आणि तव्यावरची पोळी करपली. आमच्या घरात करपलेली ती पहिली पोळी.

आठवड्यात गावाहून आई आली. आल्या आल्या तिनं माझं ताट, वाटी, पेला वेगळं काढलं, ओळखीसाठी पेल्याला लाल दोरा बांधला आणि मग दाराआड जाऊन रडली. दोन्ही गोष्टी एकाच मायेतून आल्या होत्या, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त दोरा दिसत होता.

काही न करण्याचं काम

इस्पितळ ठाण्याच्या पलीकडे, एका टेकडीवर होतं. पहाटे पाचला तोंडात थर्मामीटर, मग सुई, मग औषधाची ती पुडी. पुडीच्या चवीबद्दल एवढंच सांगतो, की त्यानंतरचा चहा आम्ही चहासाठी पीत नसू. दुपारी दोनला घंटा व्हायची. घंटा झाली की चार वाजेपर्यंत उताणं निजायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, कूस बदलायची तीसुद्धा हळू. ज्याला हे जमेल तो लवकर बरा होईल, असं सांगत. मी शाळेपासून शहाणा विद्यार्थी. मला ते फारच चांगलं जमलं. रोझी सिस्टर नव्या रोग्यांना माझ्या खाटेपाशी आणून दाखवत, "बघा, असं निजायचं."

भीती वाटायची ती व्हरांड्यात उन्हात टाकलेल्या गादीची. रात्रीतून कुणी गेलं, की त्याची गादी सकाळी कठड्यावर वाळत असे. पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत ती गादी कधीच बाहेर येत नसे. मी एकदा रोझी सिस्टरना विचारलं, हा नियम आहे का? त्या वसईच्या, फटकळ. म्हणाल्या, "नियम कसला? गरम चहा तेवढा पोटात जाऊ दे. मग बघा काय बघायचं ते."

सात महिने असे गेले. मग होळीच्या सुमाराला शेजारच्या खाटेवर भोईरमामा आले. काळेभोर, रुंद हाडाचे, तळपाय मिठाच्या पाण्यानं भेगाळलेले. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "तू कनच्या धंद्याचा रं?"

मी सांगितलं, पांढरा रंग तपासतो.

"पांढऱ्यात काय तपासायचा? पांढरा तो पांढरा." मग म्हणाले, "नाय रं, चुकलो. पयल्या मिठाचा पांढरा येगला, शिमग्याचा येगला. पयला मातकट असतो. शिमग्याच्या तोंडावर पिकतो तो खरा. ये, सांग तुझा पांढरा कसा तो."

त्या दिवसापासून मी त्यांचा "बीएस्शी" झालो. आमच्या गावी मीठ म्हणजे वाण्याच्या दुकानाबाहेर रात्रभर उघडं राहणारं पोतं. मीठ कोण चोरणार? ते 'पिकतं' हेच मला ठाऊक नव्हतं. मामांनी मला खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत कसं फिरवतात, उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार भरतीला कसं उघडतात, मीठ धरायला लागलं की पाण्याचा वास कसा बदलतो, हे सगळं सांगितलं. मी नाना प्रश्न विचारी. ते म्हणत, "तुझा रोग छातीत नाय, जिभंत हाय."

आमचा एकच वाद मिटला नाही. व्हरांड्याच्या पार टोकाला उभं राहिलं की दूर खाली एक चकाकणारी रेघ दिसे. मामा म्हणत, ती आपली खाडी. मी म्हणे, ते कुठल्या तरी गोदामाचं पत्र्याचं छप्पर.

"खाडी वलखाया मला बीएस्शी नाय लागत," मामा म्हणत.

"आणि पत्रा ओळखायला मला मुकादम लागत नाही," मी म्हणे.

दोघांनाही तिथवर जायची परवानगी आठवड्यातून एकदाच, म्हणून वाद टिकला.

बरा झालो

आषाढात माझ्या तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या. मोठ्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. "घरी जा. महिनाभर हिंडाफिरा आणि कामाला लागा." निघताना मामा खाटेवरून म्हणाले, "जा. कार्ड लिवीन."

मुलुंड पूर्वेच्या चाळीतली आमची खोली. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. पेढे वाटले. आणि दुसऱ्या सकाळी मी पाचला जागा झालो, तो उठलो नाही.

हे कसं सांगावं? दुखत काही नव्हतं, ताप नव्हता. मी आळशी नव्हतो, हे माझे शिक्षकही सांगतील. डोळे उघडे, डोकं साफ. मी मनात म्हणे, आता उठायचं. आणि पाय ऐकतच नसत. जणू ती सूचना दुसऱ्याच कुणाला दिली आहे. आठ वाजत. कारखान्याचा भोंगा पश्चिमेकडून ऐकू येई. दहा वाजत, आणि मला हलकं वाटे, कारण आता उजेड गेला, आजचं काम तसंही झालं नसतं.

मला या गोष्टीची शरम होतीच, पण खरं सांगायचं तर कुतूहलही होतं. आमच्याकडे कधी कधी रंगाचा एखादा डबा असा निघतो, की पट्टीवर लावला की वरून झटकन सुकतो. बोट लावलं तर कोरडा. पण नखानं खरवडलं तर खाली ओलाच. वर साय धरल्यामुळे आत हवा पोचत नाही. मी पडल्या पडल्या विचार करी, की आपलं असंच काही झालं आहे का? मग हवा कुठून आत घालायची?

आईला हे फार सोयीचं होतं. "नको उठू बाळा. वर्षभराचं दुखणं ते." मी पाण्याचा तांब्या उचलला तरी ती धावे. रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या उतरून टाकी. सुमन शेजारच्या मुलींच्या शिकवण्या घेई, कारण घर चालायला हवं होतं. तिची चप्पल दाराशी झिजत चालली होती, माझी कोरी होती.

मग कामतसाहेबांचं पत्र आलं. "तुझी जागा मी धरून ठेवली आहे. पण वरून सांगणं आहे, की दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी तू हजर झाला नाहीस, तर दुसरा माणूस घ्यावा. वसंत, वेळेवर ये."

पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं आणि पुन्हा उताणा झालो. इतकं साधं होतं ते. ही नोकरी गेली, तर क्षयातून उठलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी उभं करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असणं आणि उठणं यांचा काही संबंध नसतो, हे त्या दिवशी शिकलो.

पहिलं कार्ड

श्रावणात मामांचं कार्ड आलं. नवे पैसे अजून यायचे होते. आण्यांच्या काळातलं जुनं पोस्टकार्ड, त्यावर ठसठशीत, पेन्सिल दाबून काढलेली अक्षरं.

"बीएस्शी, खाडीच्या अंगाला जा. आमच्या उघाडीजवलची मिठाची रास माज्या हातची हाय. शिमग्याआदी वडली ती. कशी हाय ती बघून लिव."

खाडी आमच्या चाळीपासून फार तर वीस मिनिटं. मी सुमनकडून कोरं कार्ड मागून घेतलं आणि आडव्या आडव्या उत्तर लिहिलं: "रास पाहिली. उत्तम आहे. उन्हात पांढरीशुभ्र चमकते आहे." मला वाटलं, बिचाऱ्याला तेवढंच समाधान.

पाचव्या दिवशी उत्तर.

"श्रावनात रास चमाकली? अरं, पावसाल्यात राशीवर गवताचे झाप असतान. उगडी ठेवली त पानी होऊन खाडीत जाईल. तू खाटेवरून पायलीस. मी पन खाटेवर. मंग दोगांत आजारी कोन? खोटा लिवाचा त लिव, पन बघून लिव."

सुमननं ते आधीच वाचलं होतं. ती पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

"झाप घातलेली रास कशी दिसते हो?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. कॉलेज शिकलेल्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट वीस मिनिटांवर होती.

मीठ घरात आहे

दुसऱ्या सकाळी मी उठलो. निश्चय वगैरे काही केला नव्हता. उठायचं असा विचारच केला नाही. झाप कसे असतात याचा विचार करत होतो आणि पाहतो तर चप्पल शोधत होतो.

आई दारात आडवी. "कुठं?"

"मीठ बघायला."

"मीठ घरात आहे!"

सुमननं छत्री पुढं केली. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की बस्स. "त्याला काही झालं तर तुझ्या माथ्यावर," आई म्हणाली. सुमन म्हणाली, "हो."

वीस मिनिटांच्या वाटेला मला तासावर लागला. भाताच्या खाचरांच्या बांधांवर चार वेळा बसलो. मग आगराचा मोठा बांध चढलो आणि थबकलो. पांढरं काही नव्हतंच. करड्या पाण्याच्या कडेनं करड्या झोपड्यांची एक वाडी असावी, तशा राशी. प्रत्येकीवर गवत, गवतावर दोर, दोरांना दगड. उघाडीजवळच्या राशीवर एक बाई चढून झाप दाबत होती.

"कोन रं तू? हिरवा पडलास पार. बस खाली."

मी म्हटलं, मला भोईरमामांनी पाठवलंय.

"म्हातारा कसा हाय? तूच काय तो बीएस्शी?" ती खाली उतरली. ती भोईरमामी. "तो काय म्हनला?"

"म्हणाले, रास कशी आहे ती बघून कळव."

मामी माझ्याकडे पाहतच राहिली. "रास? त्याला म्हाईत हाय की! मीच झाप घातले, मीच आईतवारी जाऊन सांगून आले. दोर कनचे बांदले तेवडा बी इचारला त्यानं."

"मग मला कशाला विचारलं?"

मामीनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"आलास ना?" ती म्हणाली. मग झाप जरा वर करून म्हणाली, "आता आलास त हात घाल. बघ."

मी आत हात घातला. बाहेर एवढा पाऊस, आणि आत मीठ कोरडं, किंचित उबदार.

एकेक प्रश्न

त्यानंतर मामांची कार्डं येत राहिली. गणपतीत विचारलं, विसर्जनाला खाडीचं पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं? पितृपक्षात विचारलं, रेल्वेच्या फाटकापाशी भुईमुगाच्या शेंगा भाजणारा अजून बसतो का, आणि त्याचा डोळा बरा झाला का? त्यांना हे सगळं खरंच हवं होतं की नाही, देव जाणे. मी विचारणं सोडून दिलं. मला हवं होतं, एवढं पुरे.

ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे, त्यांना एकच सांगेन. "मला उठावंसं वाटतं का?" हा प्रश्न सकाळी स्वतःला विचारू नका. त्याचं उत्तर नाही असंच येतं, मी महिनाभर रोज विचारून पाहिलं आहे. बाहेरच्या कशाबद्दल तरी विचारा, ज्याचं उत्तर खाटेवरून मिळत नाही. कुणी विचारणारं असेल तर उत्तमच. आणि खोटं पकडणारं असेल तर फारच उत्तम.

पण हे रोज जमलं असं नाही. पूर्वेला खाडीवर मी जाई. पश्चिमेला, फाटक ओलांडून कारखान्याकडे, जायला पाय धजत नसत. दसऱ्यानंतर एकदा फाटकापर्यंत गेलो, भोंगा झाला, आणि तसाच परतलो. खाडीवर मी कोणीच नव्हतो. कारखान्यात मी "क्षयाचा" होतो. माझ्या पट्टीला कुणी हात लावेल का, माझ्या पेल्यातून कुणी पाणी पिईल का, हे मला बघायचं नव्हतं. कुतूहलाला तिथं भिंत होती.

दिवाळीच्या तोंडावर मामांचं कार्ड आलं. "माजा आपरेशनचा दिस ठरला. फासल्या काडनार. एक काम कर. राशीचे झाप आता काडले असतील. माज्या हातचा मूठभर मीठ ने आनि तुज्या कारखान्याच्या पांढऱ्याजवल ठेव. कोन जास्ती पांढरा? बघून लिव."

मामीनं मूठभर मीठ दिलं. मी ते पावडरच्या रिकाम्या डबीत भरून खिडकीत ठेवलं. त्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या मुलुंडात एकाच ठिकाणी मिळणार होतं, उत्तरेच्या त्या खिडकीशी, आणि तेही दहाच्या आत.

सोमवार

त्या सोमवारी पाचला जाग आली आणि पाय पुन्हा पहिल्यासारखे झाले. सहा वाजले, साडेसहा वाजले. आई शेजारी बसून म्हणाली, "नसेल होत तर राहू दे. गावी जाऊ. वडिलांचं मशीन आहे." तिनं ते प्रेमानंच म्हटलं, आणि मला दिसलं, की मी हो म्हणालो तर संपलं. सगळं शिक्षण, सगळ्यांचे उपकार, तिथं संपले असते.

मी खिडकीकडे पाहिलं. डबीचं झाकण नीट लागलं नव्हतं. उजेड मिठावर पडला होता आणि ते मुळीच पांढरं दिसत नव्हतं. काचेसारखं दिसत होतं. हे कसं? मी उठून डबी हातात घेतली. घेतली म्हणजे उभा होतो.

सुमननं चहा दिला. पेल्याला दोरा नव्हता.

"दोरा कुठं गेला?"

"गणपतीतच सोडला मी. आईंना विचारून. आपण तिघंही त्याच पेल्यानं पितो तेव्हापासून. तुम्हाला मिठाशिवाय काही दिसतं का?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं मागे पाहिलं नाही, पण दारातून हटली.

फाटक ओलांडलं. गेटवर बिल्ल्यांची फळी असते. कामावर येणाऱ्यानं आपल्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला काढून पेटीत टाकायचा. माझ्या खिळ्यावर माझाच बिल्ला होता, हिरवट पडलेला. पहारेकरी म्हणाला, "घासून घ्या हां, नंबर वाचता येत नाही." स्वागत एवढंच, आणि मला ते पुरलं.

पावणेदहाला मी खिडकीशी होतो. पट्टीशेजारी मीठ ठेवलं आणि वाकलो. मागून कामतसाहेबांचा आवाज आला.

"सव्वा वर्षानं आलास आणि मीठ तपासतोस?"

"एका माणसाला उत्तर द्यायचंय, साहेब."

ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्या खांद्याला खांदा लावून वाकले. इतक्या जवळ, की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझाही त्यांना येत असणार. "सरक जरा," ते म्हणाले. "खडे आहेत तोवर तुलना होणार नाही. कुटून बघ."

मी संध्याकाळी उत्तर घेऊन घरी आलो, तेव्हा कार्ड येऊन पडलं होतं. अक्षर मामांचं नव्हतं, रोझी सिस्टरचं होतं. ऑपरेशन नीट झालं. आता भोईरांनी उठून बसायला हवं, हात हलवायला हवा, व्हरांड्यात चालायला हवं, नाहीतर ती बाजू आखडून जाईल. पण ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कुणाशी बोलत नाहीत. मामी येऊन गेल्या, तरी नाही. "तुमची कार्डं उशीखाली आहेत. लिहून बघा काहीतरी."

त्याच संध्याकाळी मी हे पत्र लिहिलं.

*तीर्थरूप भोईरमामांस,*

*वसंताचा साष्टांग नमस्कार.*

*आज कामावर गेलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. तुमच्या मिठाचा खडा पांढरा नाही. तो आमच्या पट्टीशेजारी काचेसारखा दिसतो, आरपार. पण कुटला की पांढरा होतो, आणि बारीक कुटला की आमच्या नमुन्यापेक्षा थोडा निळसर पांढरा. कामतसाहेबांनीही पाहिलं. ते म्हणाले, तुझा मुकादम जिंकला. मला वाटतं बरोबरी आहे. उरलेलं मीठ आईनं मागून घेतलं. त्यानं तिनं माझी दृष्ट काढली आणि मग तुमचंही नाव घेऊन काढली. आमच्या आमटीतही तेच आहे.*

*आता माझा प्रश्न. आपला वाद मिटलेला नाही. व्हरांड्याच्या टोकावरून दिसते ती रेघ खाडीची की पत्र्याची? मला युक्ती सुचली आहे. पत्रा असेल तर ती रेघ सदा तेवढीच राहील. खाडी असेल तर भरतीला रुंद होईल आणि ओहोटीला बारीक. तुमच्या खाटेपासून तिथवर सत्तावीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. दमलात तर मध्ये रोझी सिस्टरची खुर्ची असते. आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाहा आणि लिहून ठेवा: रुंद की बारीक.*

*इथं मी उद्यापासून कामावर जाण्याआधी आणि आल्यावर उघाडीपाशी जातो आणि मामींच्या शेजारी बसून पाणी कुठवर चढलं ते वहीत टिपतो. तुमचा कागद आला की दोन्ही ताडून पाहीन. तेव्हा खाटेवरून लिहू नका. खोटं असेल तर मला पहिल्याच दिवशी कळेल.*

*बघून लिहा. वाट पाहतो.*

*आपला,*
*बीएस्शी*